चादर म्हणजे काय बे? (निमित्त विटगेनश्टाइन)

कांडीवाला
रविवार, रात्री ९.४०

मे महिन्यातली गोष्ट. पुण्याचे एक पाहुणे सोलापूरला आमच्याकडे मुक्कामाला होते. गच्चीवर गाद्या टाकून झाल्या तेव्हा म्हणाले, "वहिनी, एक चादर मिळेल का?" आईनं कपाटातून काढून दिली. आपली नेहमीची, जॅकार्डची, मोरांची, एका अंगानं लाल आणि उलटली की पांढरी. पाहुणे त्या उकाड्यात तिच्याकडे बघतच राहिले.

"अहो, ही नको. चादर हवीय."

"ही चादरच आहे की."

"गादीवर घालायला हो!"

"मग पलंगपोस म्हणा ना भाऊजी, चादर कशाला म्हणताय?"

आज सकाळी वाचनगटात (माणसं सहा, त्यातली दोन चहापुरती) हे हसत हसत सांगितलं आणि वाद पेटला. गटातले एक निवृत्त सर म्हणाले की शब्दाला एक मूळ अर्थ असतोच, तो नीट सापडला की भांडण मिटतं. मग कागद घेऊन चादरीची व्याख्या करायला बसलो. अंगावर घ्यायचं कापड? मग शालीनं काय पाप केलंय? अंथरायचं किंवा पांघरायचं कापड? दर्ग्यात चढवतात ती चादर कोण अंथरतं आणि कोण पांघरतं? कापडाचा मोठा चौकोनी तुकडा? मग दाराचा पडदाही चादर. त्यात एकानं खोडी काढली की फॅब्रिकेशनवाले लोखंडी पत्र्यालाही चादर म्हणतात. अर्धा तास गेला, चहा गार झाला, व्याख्या काही बसली नाही.

मला सारखा लुडविग विटगेनश्टाइन हा तत्त्वज्ञ आठवत होता. तिथं धड बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही. वडिलांचे पूर्व भागात आठ माग होते, कांड्या (मागाच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या नळ्या) भरत मोठा झालो, आता बँकेत आहे. चुकलं तर कान धरा.

माणूस व्हिएन्नाचा, जन्म २६ एप्रिल १८८९. वडील ऑस्ट्रियातल्या पोलाद उद्योगातले बडे धनी, आठ भावंडांत हा धाकटा. घरी संगीत इतकं की ब्राम्ससारख्या संगीतकाराची ये-जा होती. आणि दुःखही तितकंच: तीन भावांनी आत्महत्या केल्या. चौथा भाऊ पाउल पियानोवादक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, तरी तो डाव्या हातानं वाजवत राहिला. राव्हेल या संगीतकारानं त्याच्यासाठी फक्त डाव्या हाताची रचना केली.

लुडविग शिकला इंजिनिअरिंग. बर्लिनहून १९०८ साली मँचेस्टरला गेला, पतंग उडवून हवेचे प्रयोग केले, विमानाच्या पंख्याचं पेटंटही घेतलं. पंख्याच्या गणितातून गणिताच्या पायाकडे वळला आणि १९११ साली केंब्रिजला तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या दारात जाऊन उभा राहिला. खोलीत गेंडा नाही हे ठामपणे म्हणता येतं, एवढंही तो रसेलला कबूल करून देईना. रसेल टेबलाखाली वाकून बघून आला तरी नाही.

मग युद्ध. हा ऑस्ट्रियाच्या फौजेत स्वतःहून भरती झाला. १९१४ साली आघाडीवर असताना त्याच्या वाचनात आलं की पॅरिसच्या कोर्टात मोटार अपघाताचा खटला चालताना बाहुल्या आणि खेळण्यातल्या गाड्या मांडून अपघात दाखवला गेला. तिथं त्याची ट्यूब पेटली. वाक्य म्हणजे हेच! वस्तुस्थितीचं चित्र. सात रस्त्याला अपघात झाला की टपरीवर आपण काय करतो? "हा कप म्हणजे रिक्षा, ही काडेपेटी म्हणजे टेम्पो, आणि हा ग्लास घे, ग्लास म्हणजे मोटारसायकलवाला." कप आणि रिक्षा यांच्यात साम्य काही नाही. पण कपाची काडेपेटीशी जशी मांडणी, तशी रिक्षाची टेम्पोशी, म्हणून चित्र जमतं. आणि चित्र जमतं म्हणूनच ते खोटंही निघू शकतं.

या विचारावर उभं राहिलेलं पुस्तक म्हणजे 'ट्रॅक्टेटस'. जर्मनमध्ये १९२१, इंग्रजी भाषांतरासह १९२२. मुख्य विधानं सातच, बाकी सगळी त्यांची दशांशातली पोटविधानं. सातव्याला पोटविधान नाही. ज्याविषयी बोलता येत नाही त्याविषयी गप्प बसावं, एवढंच ते सांगतं. हल्ली हे वाक्य स्टेटसला टाकतात, जणू 'मौनं सर्वार्थसाधनम्'चं जर्मन रूप. तसं ते नाही. शब्दांचं चित्र काढता येतं ते जगात काय घडतं त्याचं. चांगलं-वाईट, जगण्याचा अर्थ, देव यांचं चित्र निघत नाही. ते फालतू आहे असं मात्र तो म्हणत नाही. एका प्रकाशकाला त्यानं कळवलं होतं की पुस्तकाचे दोन भाग आहेत, एक लिहिलेला आणि एक न लिहिलेला, आणि महत्त्वाचा आहे तो न लिहिलेला.

तत्त्वज्ञानाचे प्रश्न मुळातून सुटले असं प्रस्तावनेतच जाहीर करून गडी बाजूला झाला. बापाची इस्टेट भावंडांच्या नावे केली. खेड्यात प्राथमिक शिक्षक झाला. मठात माळीकाम केलं. बहिणीसाठी व्हिएन्नात घर बांधलं. ते पुरं होत आलं असताना दिवाणखान्याचं छत तीन सेंटिमीटरनं वर घ्यायला लावलं. (गवंड्यांनी काय शिव्या घातल्या असतील ते जर्मनमध्ये असल्यामुळे आपल्याला कळणार नाही.) १९२९ साली केंब्रिजला परतला. अर्थशास्त्रज्ञ केन्सनं बायकोला कळवलं, देव आलाय, मला ५.१५ च्या गाडीत भेटला.

परत का आला? कारण चित्रात मावत नाही असं बरंच काही भाषेत असतं, हे त्याला दिसायला लागलं. पुढची वीस वर्षं त्यात गेली. ते पुस्तक, 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स', तो गेल्यावर १९५३ साली आलं. त्यात तो 'खेळ' हा शब्द घेतो. बुद्धिबळ, पत्ते, चेंडूचे खेळ, गोल फेर धरून खेळायचे पोरांचे खेळ. सगळ्यांत समान काय? हरणं-जिंकणं? भिंतीवर एकटाच चेंडू मारणारं पोर कुणाला हरवतं? कौशल्य? मग नशिबावरचे खेळ कुठं ठेवायचे? तो म्हणतो, समान काहीतरी असलंच पाहिजे असं आधीच ठरवू नका, डोळे उघडून बघा. दिसतात ती एकमेकांत गुंतलेली साम्यं. घरातल्या माणसांसारखी: एकाचं नाक आजोबांवर, एकीची चाल आत्यावर, डोळे आणखी तिसऱ्याचेच. सगळ्यांत एकच खूण नाही, तरी लग्नाच्या फोटोत कुणीही ओळखतं की ही एका घरची माणसं. याला आपण कुलसाम्य म्हणू.

आणि लगेच पुढे तो सुताची उपमा देतो. इथं मी पुस्तक खाली ठेवलं आणि माळ्यावरून वडिलांची जुनी कांडी काढून आणली. तुम्हीही करून बघा. सुताचा वीतभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा, पिळाच्या उलट दिशेनं हळूहळू फिरवा. ताण देऊ नका. पीळ सुटत जातो, सूत फुगतं, केसाळ होतं, आणि एका क्षणाला काहीही न तुटता दोन भाग अलगद वेगळे होतात. टोकाला कापूस दिसतो. कापसाचा तंतू असतो जेमतेम इंच-सव्वा इंच. मैलभर सुतात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला तंतू एकही नाही. जोर येतो तो तंतू एकमेकांवर चढलेले असतात म्हणून. शब्दही असाच, असं त्याचं म्हणणं.

मी पंचवीस वर्षं सूत हाताळलं. हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

---

नवीपेठकर
रविवार, रात्री १०.१५

नाव वाचून आधी वाटलं पंढरपूरच्या वाटेवरचं एखादं नवीन स्टेशन झालं की काय. विटगेनश्टाइन, पुढे मोहोळ.

गंमत सोड. शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा वापर, असं पण हाच म्हणाला ना? मग आपल्या 'बे'चं बघ. कोशात काय लिहितील? 'बे: दोन ही संख्या.' पाढ्यातला. सोलापूरचा बे कुठं गेला? "ये बे, बस" यातला बे म्हणजे खांद्यावर हात. अनोळखी माणसाला "काय बे?" म्हटलं तर शर्टाची बटणं गेली समज. आणि "काय करूलालास बे?" याला उत्तर द्यायचंच नसतं, तो रामराम आहे. कोणत्या मास्तरनं शिकवलं आपल्याला हे?

---

नवीपेठकर
रविवार, रात्री १०.१८

आणि लांबवलेला "बेऽऽ" राहिला. तो नुस्ता आश्चर्याचा.

---

पायरीवरचा
रविवार, रात्री ११.०२

लेख आवडला, पण एक शंका आणि एक तक्रार.

शंका अशी की अर्थ म्हणजे वापर म्हटलं तर मग काहीही चालतं. उद्या मी टेबलाला चादर म्हणेन, माझा वापर तसा! मग चूक-बरोबर उरलं कुठं?

तक्रार अशी की 'खेड्यात प्राथमिक शिक्षक झाला' एवढ्यावर तुम्ही पुढे गेलात. हे मास्तर पोरांना मारायचे. १९२६ साली ओटरटाल नावाच्या गावात एका अशक्त, अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात त्यांनी मारलं, मुलगा कोसळला, आणि त्यानंतर ही नोकरी सोडून गेले. गणित न जमणाऱ्या मुलींचे केस ओढल्याचंही लिहिलेलं आहे. मी स्वतः अशा एका मास्तरांच्या हाताखाली शिकलोय. हुशार मास्तरांचा मार सगळ्यात वाईट, कारण नंतर सगळे म्हणतात, पण किती हुशार होते हो!

---

कांडीवाला
रविवार, रात्री ११.३०

तक्रार मान्य. मी ते गाळायला नको होतं. दहा वर्षांनी तो त्या गावी परत गेला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, असं नोंदलेलं आहे. त्यानं हिशेब मिटत नाही हे खरंच. याच माणसानं पोरांकडून शब्द गोळा करून त्यांच्यासाठी शुद्धलेखनाचा कोश केला, गावातल्या बोलीचे शब्द त्यात घेतले. तोही १९२६ सालीच आला. दोन्ही एकाच माणसाचं, एकाच वर्षातलं. कसं जुळवायचं, मला जमलेलं नाही.

शंकेचं उत्तर नवीपेठकरांनीच देऊन ठेवलंय. 'बे' कुठंही लावून बघा. लग्नाच्या बैठकीत व्याह्यांना "घ्या बे, चहा घ्या" म्हणा. सगळी बैठक गप्प होईल. तुमचा वापर चुकला हे तिथल्या लहान पोरालाही कळेल. चूक होऊ शकते म्हणजे नियम आहे. फक्त तो कोशात लिहिलेला नाही आणि तुमच्या एकट्याच्या डोक्यातही नाही. तो चार लोकांच्या वागण्यात आहे. म्हणूनच तुम्ही एकट्यानं टेबलाला चादर म्हणून भागत नाही. मला जे वाटेल ते बरोबर असं झालं, तर 'बरोबर' या शब्दालाच काही काम राहत नाही. हे त्याचंच म्हणणं, मी फक्त आपल्या बैठकीत आणून बसवलं.

---

अमरकोश
सोमवार, सकाळी ७.०५

उत्तम चर्चा. मात्र हे ऐकून आपल्या मीमांसकांची (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांची) आठवण झाल्यावाचून राहत नाही. शब्दाचा अर्थ कसा कळतो याची जी साधनं आपल्या परंपरेत सांगितली आहेत (व्याकरण, कोश, आप्तवाक्य वगैरे), त्यांत एक आहे वृद्धव्यवहार. वृद्ध म्हणजे इथे म्हातारे नव्हेत, जाणते.

उदाहरण असं. घरातला जाणता दुसऱ्याला म्हणतो, 'गाम् आनय.' तो जाऊन गाय घेऊन येतो. कोपऱ्यात बसलेलं मूल हे बघतं. मग ऐकतं, 'गां बधान', आणि गाय बांधली जाते. मग 'अश्वम् आनय', आणि घोडा येतो. कोणता शब्द बदलला की काय बदललं, यावरून मूल अर्थ उचलतं. कुणीही त्याला बोट दाखवून 'गो म्हणजे हे' असं शिकवलेलं नाही. प्राभाकर, म्हणजे मीमांसकांतला एक पंथ, पुढे म्हणतात की शब्दाचा अर्थ सुटा कळतच नाही, दुसऱ्या अर्थाशी जोडलेलाच कळतो. हा अन्विताभिधानवाद. कुमारिलांचे अनुयायी, म्हणजे दुसरा पंथ, उलट म्हणतात: आधी सुटे अर्थ, मग त्यांची जोडणी.

आपल्याकडे हे शेकडो वर्षांपूर्वी होतं, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

---

नवीपेठकर
सोमवार, सकाळी ७.२०

आलंच. मी घड्याळ लावूनच बसलो होतो, 'आपल्याकडे होतं' किती वाजता येतंय ते.

---

कांडीवाला
सोमवार, दुपारी १.५०

अमरकोश सर, नवीपेठकराकडे लक्ष देऊ नका, मला हे खरंच उपयोगी पडलं. कारण 'इन्व्हेस्टिगेशन्स'ची सुरुवात अगदी याच जागी होते. तिथं संत ऑगस्टीनची लहानपणची आठवण आहे: मोठी माणसं वस्तूचं नाव घेऊन तिच्याकडे वळत, त्यातून मी नावं शिकलो. विटगेनश्टाइन म्हणतो की हे भाषेच्या एका कोपऱ्याचं चित्र झालं, सगळ्या भाषेचं नव्हे. मग तो गवंडी आणि त्याचा हाताखालचा माणूस आणतो. गवंडी ओरडतो, "फरशी!" हाताखालचा फरशी आणून देतो. तिथं 'फरशी' हे नाव आहे की हुकूम? वेगळं करून सांगताच येत नाही, कामात सगळं एक झालेलं असतं. शब्द आणि काम यांच्या या विणीला तो भाषेचा खेळ म्हणतो. तुमचं 'गाम् आनय' त्याच्या किती जवळ आहे बघा.

फरकही आहे. मीमांसकांना शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य हवं, कारण त्यांना वेदाचं प्रामाण्य टिकवायचंय. याला नित्य वगैरे काही नको. हा म्हणतो भाषा म्हणजे जुनं शहर: बोळ, चौक, जुनी-नवी घरं, वेळोवेळी वाढवलेल्या खोल्या, आणि भोवती सरळ रस्त्यांच्या एकसारख्या घरांच्या नव्या वसाहती. मंगळवार पेठेतून निघून जुळे सोलापूरला जा, परिच्छेद वाचायची गरज नाही.

जाता जाता एक. व्हिएन्नात तर्कवादी मंडळींनी त्याला 'ट्रॅक्टेटस'वर बोलायला बोलावलं, तर गडी कधी कधी त्यांच्याकडे पाठ करून रवींद्रनाथ टागोरांच्या कविता वाचायचा. टागोरांचं 'राजा' नाटकही त्याला फार जवळचं होतं. त्यातल्या काही भागाचं नवं इंग्रजी भाषांतर त्यानं एका विद्यार्थ्याबरोबर बसून केलं.

---

शेंगापोळी
सोमवार, रात्री ९.१०

मी रोज वाचते, लिहित नाही. आज लिहिते.

सासूबाईंचे गुडघे गेलेत. मागच्या महिन्यात त्यांना एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आजी, शून्य ते दहा, किती दुखतं?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दहाचं दुखणं कुणाचं धरायचं?" डॉक्टर म्हणाले, तुम्हाला वाटेल ते सांगा. "मला माझंच ठाऊक हाय बाबा. दुसऱ्याचं किती आस्तं ते बघितल्याबिगर सात का आठ कसं सांगू?" डॉक्टरांनी वैतागून कागदावर सहा लिहिलं.

घरी येताना मला वाटलं, बाई बरोबर बोलली. ज्याचं दुखणं त्यालाच ठाऊक. मग माझं 'दुखतंय' आणि त्यांचं 'दुखतंय' एकच कशावरून? तुमच्या त्या माणसानं यावर काही सांगितलंय का?

---

कांडीवाला
सोमवार, रात्री १०.४०

ताई, सांगितलंय, आणि मला वाटतं त्याचं सगळ्यात अवघड काम तेच.

तो म्हणतो, समजा प्रत्येकाजवळ एक डबी आहे. आत जे आहे त्याला सगळे 'भुंगा' म्हणतात. दुसऱ्याच्या डबीत कुणालाच बघता येत नाही; आपल्याच डबीत बघून प्रत्येक जण म्हणतो, भुंगा म्हणजे काय ते मला कळतं. मग एकाच्या डबीत काही वेगळंच असेल, एकाच्या डबीत रोज बदलत असेल, एखाद्याची रिकामीच असेल. आणि तरीही 'भुंगा' या शब्दाचा गावात व्यवहार सुरळीत चालला असेल, तर डबीतल्या वस्तूला त्या व्यवहारात काही कामच नाही.

दुखणं खोटं, असं तो म्हणत नाही. तो म्हणतो 'दुखणं' हा शब्द डबीत बघून नाव ठेवल्यासारखा शिकलेलाच नाही. लहान पोर पडतं, रडतं. आई म्हणते, "बाऊ झाला? दुखतंय होय रे?" रडण्याच्या जागी हळूहळू शब्द येतो. दुखण्याची भाषा पहिल्यापासून चारचौघांतली आहे.

सासूबाईंना आकडा विचारू नका. दुखतं कसं, ते विचारून बघा.

---

शेंगापोळी
मंगळवार, सकाळी ११.३५

विचारलं. भाकरी थापता थापता विचारलं, तर पाच मिनिटं बोलत होत्या. मी गॅस बारीक करून ऐकलं.

बसल्या जागेवरून उठताना कळ येते, वरपर्यंत जाते. रात्री ठणकतो. जिना उतरताना एकदम चमक निघते, तेव्हा कठडा धरायचा. पाऊस आला की नुसता शिणतो. आणि मागच्या वर्षी गुडघ्याला फोड झाला होता तो ठसठसायचा, ते वेगळं, त्यात हे धरू नको. "आन भाजलं तर भगभगतं, तिखट लागलं तर झोंबतं, काटा सलतो. दुखतं म्हंजे काय यकच आस्तं व्हय?"

हे शब्द कुठं शिकलात विचारलं, तर माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "आईच्या मागं-मागं फिरताना."

पुढच्या खेपेला मी कागदावर लिहून नेणार आहे. सहा नाही, कळ-ठणका-चमक.

---

घरात_तेलुगू
मंगळवार, रात्री ८.२०

आमच्याकडे घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, सायझिंगवाल्याशी (सुताला खळ लावणारा) हिंदी आणि आजी मंगळवार बाजारात कन्नडमध्ये भाव करते. आजीला लिहायला-वाचायला येत नाही. ती चार भाषा बोलते का, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली मी कुठल्या भाषा बोलते, मी माणसांशी बोलते.

मला त्या इशाऱ्याची गोष्ट हवी होती, ती कुणीच लिहिली नाही म्हणून मीच लिहितो. केंब्रिजला पिएरो स्राफा नावाचा इटालियन अर्थशास्त्रज्ञ होता. विटगेनश्टाइन त्याला पटवत होता की वाक्याचा आणि ते ज्याचं वर्णन करतं त्याचा तार्किक आकार एकच असला पाहिजे. स्राफानं हनुवटीखालून बोटं बाहेरच्या बाजूला झटकली. नेपल्सकडचे लोक तुच्छता दाखवायला तसं करतात. आणि विचारलं, याचा तार्किक आकार कोणता? गडी अडकला. जुन्या पुस्तकावरचा विश्वास उडायला या गप्पांचा मोठा हात होता. नव्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं स्राफाचे आभार मानलेत.

आमच्या आजीचं तसंच एक आहे. गिऱ्हाईकानं टॉवेलचा भाव फारच पाडून मागितला की जीभ टाळूला लावून नुसतं "च्" करते आणि मान किंचित वर. त्या 'च्'चं चित्र काढून दाखवा म्हणावं.

---

रिंगखातं
बुधवार, सकाळी ६.१५

कांडीवाले, मी मिलमध्ये रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, बत्तीस वर्षं काढली. मिल बंद पडली तेव्हा घरी बसलो. नातवानं हा धागा वाचून दाखवला. मी सांगतोय तसं तोच टाइप करतोय.

तुमचा तो साहेब सुताबद्दल बोलला ते कापसापुरतं खरं. पीळ उलटा दिला की सूत सुटतं, बरोबर. धागा तुटला की आम्ही सांधायचो ते पण तसंच: पुढून येणारे तंतू आणि सुताचं शेपूट एकमेकांवर चढवायचं, फिरत्या चातीचा पीळ बसला की झालं. गाठ मारायची नाही.

पण सगळा धागा असा नसतो. रेशमाचा एक कोश उकला, शेकडो मीटर अखंड तंतू निघतो. पॉलिस्टरचा फिलामेंट तर मशीन थांबेपर्यंत एकच. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तंतू असतोच. पीळ सोडला तरी काही होत नाही. साहेबानं फक्त कापूस बघितला का?

---

अमरकोश
बुधवार, सकाळी ७.००

वा! हा आक्षेप मी कोणत्याही टीकाग्रंथात वाचलेला नाही.

---

कांडीवाला
बुधवार, रात्री १०.२५

काका, दिवसभर बँकेत हेच डोक्यात होतं. दोन ग्राहकांना चुकीची स्लिप दिली.

मला वाटतं तुमचं बरोबर आहे, आणि साहेबाला ते अगदीच अमान्य झालं नसतं. फिलामेंटसारखे शब्द असतात. 'त्रिकोण' घ्या. तीन बाजूंची बंद आकृती. जगातल्या प्रत्येक त्रिकोणातून हा एकच तंतू आरपार जातो. किंवा आपलीच सोलापुरी चादर. तिला भौगोलिक निर्देशन (जीआय टॅग) मिळालंय. त्या नोंदणीसाठी चादर म्हणजे काय, कुठं विणलेली, कशी विणलेली, ते कागदावर बांधून द्यावंच लागतं, नाहीतर दुसरीकडचा माल सोलापुरी म्हणून खपतो आणि कोर्टात बोलायला तोंड राहत नाही. एखाद्या कामासाठी शब्दाभोवती रेघ मारता येते, हे तो स्वतःच म्हणतो. त्याचा मुद्दा एवढाच की रेघ मारण्याआधीही शब्द चालतच होता. नोंदणी व्हायच्या आधी आपल्या बापजाद्यांनी किती चादरी विकल्या!

पण तुमच्यामुळे माझं एक मत बदललं. वाचनगटातले सर रविवारी सकाळी मूळ अर्थ मागत होते तेव्हा मी त्यांना सरळ चूक ठरवलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं भूमिती शिकवली. त्यांच्या हाताखालून सगळा फिलामेंटच गेला. मी कांड्या भरल्या, मला सगळीकडे कापूस दिसतो. सरांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "मग पॉलिस्टर-कॉटनचं काय?" मी फोन ठेवला.

---

रिंगखातं
गुरुवार, सकाळी ६.१०

पॉलिस्टर-कॉटन ब्लेंडमध्ये पॉलिस्टर कापून घालतात, कापसाच्या तंतूच्या मापानं. म्हणजे तोही तुकड्या-तुकड्यांचाच. सरांना सांगा.

---

पायरीवरचा
गुरुवार, सकाळी ९.४५

बेऽऽ

---

नवीपेठकर
गुरुवार, सकाळी ९.४७

वापर बरोबर आहे. रविवारी मीपण येतोय, काकांना रिक्षानं मी आणतो. कांडीवाल्या, येताना सुताची एक कांडी आण, आणि चहा पहिल्यांदा पिऊन घेऊ.